नाव लिहू नका

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘हिंदी-इंग्रजी टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म’ असं लिहिलेलं आहे. दिवसाचा जास्त वेळ ज्या कामात जातो ते पाटीवर नाही, आणि त्याचा दरही कधी ठरला नाही. लोक येतात, समोरच्या खुर्चीत टेकतात आणि सुरू होतात. नळाला गढूळ पाणी येतं. शेजाऱ्यानं नालीवर ओटा बांधला. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. वरातीचा डीजे रात्री एक वाजेपर्यंत. पटवारी सापडत नाही, सापडला तर सर्व्हर बंद. हे चालू असताना मी फाइल उघडतो, ‘प्रति’ एवढं टाइप करून ठेवतो आणि विचारतो, ‘‘कोणाविरुद्ध लिहायचं?’’ निम्मी माणसं इथे अडतात. दाराकडे एकदा बघून, आवाज बारीक करून म्हणतात, ‘‘नाव झन लिखबे, कका.’’ नाव लिहू नका, काका.

नव्वदीपासून हेच ऐकतो आहे. अर्ज कसा लिहावा याचं शिक्षण मला याच एका वाक्यानं दिलं.

उतई ही छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्यातली नगर पंचायत. भिलईच्या पोलाद प्लांटच्या वसाहतीचे सेक्टर संपले, रिसाली आणि मरोदा मागे पडलं की लागते. पलीकडे सेलूद, पाटन आणि धानाचे बांध. सीआयएसएफचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, दानवीर तुलारामांच्या नावाचं सरकारी कॉलेज आहे, ठाणं आहे. त्यामुळे माझ्या खुर्चीत प्लांटमधून रिटायर झालेला ऑपरेटर बसतो, तीन एकरवाला शेतकरी बसतो, आणि फॉर्मची शेवटची तारीख उलटल्यावर धापा टाकत आलेला पोरगाही. घरी आम्ही मराठी बोलतो, दुकानात हिंदी, आणि माणूस खरा तापला की तो छत्तीसगढीत शिरतो, मग मीही.

वडील गोंदियाकडून प्लांटच्या नोकरीसाठी आले. भिलईच्या पहिल्या भट्टीचं उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं, त्यानंतर लवकरच. उभ्या नोकरीत त्यांनी एक ओळीची लेखी तक्रार केली नाही. शिफ्टवरून आले की मोरीत बसून हातपाय धुता धुता बोलायचे. कँटीनची भाजी, शिफ्टची बस, सुट्टी नाकारणारा ‘तो’. त्याचं नाव काय, हे आम्हा भावंडांना कधीच कळलं नाही. आई पोळ्या लाटता लाटता ‘हो ना’, ‘बघा की’, ‘काय बाई तरी’ एवढंच म्हणायची. बादली रिकामी होईपर्यंत त्यांचं बोलणं संपलेलं असायचं. पुढे माझा धंदा असा निघाला की आईचं काम मी पैसे घेऊन करायला लागलो.

सुरुवात टायपिंग इन्स्टिट्यूटपासून झाली. रेमिंग्टनची हिंदी यंत्रं, क्लार्क-स्टेनोच्या परीक्षा देणारी मुलं, दुपारभर खडखडाट. गोदरेजनं टाइपरायटर बनवणं थांबवल्याच्या बातम्या 2011 मध्ये आल्या, पण माझ्या यंत्रांवर त्याच्या कितीतरी आधी धूळ बसली होती. मुलं कॉम्प्युटर क्लासला गेली, अर्जवाले तेवढे उरले. बोटांना जुन्या की-बोर्डाची सवय, म्हणून मी कृतिदेव फॉन्टवर गेलो. तिथे नवीनच मजा. ज्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे आमचा कळकळीचा अर्ज उघडला की इंग्रजी अक्षरांचा नुसता भुसा. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही, अशी एकाची तक्रार होती. ती मेलवरून गेली आणि तिकडून फोन आला, ‘‘ये कौन-सी भाषा है भैया?’’

अर्जाला एक ठरलेलं शरीर असतं. प्रति, विषय, महोदय, ‘सविनय निवेदन है कि’, मग मजकूर, मग ‘अतः’, आणि खाली सही किंवा अंगठा. दोन प्रती, एक द्यायची, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ट्रंकेत ठेवायची. बोलणाऱ्याला हे शरीर पसंत नसतं. त्याला जेवढं बोललो तेवढं सगळं कागदावर हवं असतं, आजोबांनी विहिरीसाठी दिलेल्या जागेपासून. एका कार्यालयातल्या बाबूनं मला एकदा खिडकीतून सांगितलं, ‘‘मैं विषय पढ़ता हूँ और आख़िरी की दो लाइन. बीच का आप लोग अपने मन की शांति के लिए लिखते हो.’’ माणूस खडूस होता, पण खरं बोलला. तेव्हापासून एक अर्ज, एक विषय, एक कार्यालय. बाकीचं खुर्चीत.

‘प्रति’च्या पुढे काय लिहायचं, हा इकडचा जुना घोळ आहे, कारण पत्ताच हलत राहिला. म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या पेट्यांमध्ये सी. पी. अँड बेरारच्या काळातले कागद असत. तेव्हा मोठी दाद मागायची तर नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 पासून ती भोपाळला गेली. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड झालं आणि रायपूर हाकेच्या अंतरावर आलं. जानेवारी 2012 मध्ये बालोद वेगळा जिल्हा झाला, तरी गुंडरदेहीकडचे लोक पुढे किती दिवस ‘कलेक्टर, दुर्ग’ असंच सांगत. मग रिसालीची स्वतंत्र महापालिका झाली, डिसेंबर 2021 मध्ये तिची पहिली निवडणूक. आता टाउनशिप प्लांटची, वस्ती महापालिकेची, पुढचं गाव पंचायतीचं, आणि नाली मात्र उतार बघून वाहते. ती कुठून निघाली याच्याशी कुणाला घेणं नसतं. जिच्या दारात तुंबते ती बाई माझ्याकडे येते. तिचा राग एक, मालक तीन. अशा वेळी मी तिघांच्या नावे तीन अर्ज करून देतो आणि पैसे एकाचे घेतो. ती उपकार मानते. खरं तर तिघांपैकी कुणाकडे जायचं हे मलाही ठामपणे सांगता येत नसतं.

डीजेचा किस्सा सांगतो. आयुष्य रेल मिलमध्ये काढलेले एक काका. भिलईचा रूळ देशभर गेला आणि तो घडताना यांचे कान गेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडावं लागतं. तक्रार कशाची, तर डीजेची. मला हसू आवरेना. त्यांनी शांतपणे शर्टाची वरची दोन बटणं काढली, ऑपरेशनच्या शिवणीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, ‘‘सुनाई नहीं देता बाबू, यहाँ बजता है.’’ मग सांगितलं, वरात गल्लीत शिरली की फडताळातल्या कपबशा आपोआप कडेकडे सरकायला लागतात. बायको एका हातानं त्या धरून उभी राहते, दुसऱ्या हातानं कानावर पदर. मी त्यांना नियम सांगितला. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. काका खूश. आकडे त्यांना पाठ करायचे होते, म्हणून मी जाड अक्षरात छापले.

मग विचारलं, डीजे कोणाचा?

बराच वेळ ते शर्टाची बटणं लावत बसले. डीजे त्यांच्या जुन्या सोबत्याच्या नातवाचा निघाला. सोबती आता नाही. काकांना मुलगी झाली त्या रात्री त्यांच्या जागी त्यानं सलग दुसरी शिफ्ट केली होती. ‘‘उसके पोते का नाम थाने में दूँ?’’ अर्ज चार घड्या करून त्यांनी खिशात टाकला आणि निघून गेले. मला वाटलं, कागद गेला कामातून. पुढे कळलं, तो कागद त्यांनी त्या पोरालाच नेऊन दाखवला. पोरानं डेसिबलचे आकडे वाचले, वर ‘थाना प्रभारी’ वाचलं, आणि पाया पडला. आता तो दहाला नाही, साडेदहा-पावणेअकराला बंद करतो. काकांना तेवढं चालतं. तेव्हापासून न देण्यासाठी लिहायचे अर्जही मी तितक्याच मन लावून लिहितो, आणि नीट पाहिलं तर असे अर्ज बरेच असतात. तारीख मोकळी ठेवतो.

लहान गावात नाव न लिहिण्याला लोक भित्रेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. नालीवर ओटा बांधणाऱ्याच्या घरूनच उद्या तेराव्याचं ताट येणार असतं. त्याच्याच ट्रॅक्टरनं नांगरणी व्हायची असते. शहरातला माणूस तक्रार करून मोकळा होतो, कारण त्याला शेजाऱ्याचं नावच माहीत नसतं. इथे नाव, आडनाव, सासर, जुनं भांडण, सगळं माहीत असतं, म्हणून लिहवत नाही. मग माणूस कुणाजवळ कुरकुरतो? ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याजवळ. न्हाव्याजवळ, चहावाल्याजवळ, माझ्याजवळ. आमचं बळ तेवढंच आहे की आम्ही काही करू शकत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र निराळाच प्रकार सुरू झाला. नाव लिहायची तयारी आहे, पण नावच सापडत नाही. पूर्वी काम अडलं तर अडवणारा माणूस दिसायचा. त्याच्यावर चिडता यायचं, बाहेर येऊन पानाची पिंक टाकत त्याच्या सात पिढ्या उद्धरता यायच्या. आता सर्व्हर. आता ओटीपी. ओटीपी जातो त्या फोनवर जो मुलगा पुण्याला कामाला जाताना घेऊन गेला. मुलगा ड्यूटीवर. तो फोन उचलतो, आकडे सांगतो, आई ते मला सांगते, तिला चार आणि सात हिंदीत नीट ऐकू येत नाहीत, तोवर वेळ संपलेली. परत पाठवा. परत मुलगा ड्यूटीवर. 2024 च्या मार्चपासून सरकारच्या महतारी वंदन योजनेचे बायकांना महिन्याला हजार रुपये यायला लागले, तेव्हा ही कवायत रोजची झाली. आधारवर नवऱ्याचं नाव एका वेलांटीनं वेगळं, बँकेत दुसऱ्या. एकीचं आधार भलत्याच जुन्या खात्याला जोडलेलं. कोणाविरुद्ध लिहू? वेलांटीविरुद्ध?

सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती निंदणीला जाणारी एक बाई. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नव्हता. माझ्याकडेही छोटं यंत्र आहे, म्हटलं बघू. तिनं अंगठा पदराला पुसला. लाल दिवा. मग केसांत फिरवला, तेलाचा ओलावा लागला की उमटतो असं तिला कुणी सांगितलं होतं. लाल. मग कपाळावर. मग दुसरं बोट, तिसरं. मी हात हातात घेऊन उजेडात धरला. चिखल, शेण, विटा, राख. अंगठ्यावर रेषा अशी उरलीच नव्हती, नखाजवळ दोन-चार काय त्या. ती मशीनला काही बोलली नाही, दुकानदाराला नाही, सरकारला नाही. स्वतःच्या अंगठ्याकडे बघून म्हणाली, ‘‘इही खराब हे.’’ हाच खराब आहे. दुसऱ्याला नेमून धान्य उचलायची सोय असते, तिचा फॉर्म मी भरून दिला आणि काम झालंही. पण तक्रार करायला दुसरं कुणी उरलं नाही की माणूस स्वतःविरुद्धच करायला लागतो, हे मला त्या दिवशी दिसलं आणि आवडलं नाही. तेव्हापासून ‘सर्व्हर बंद है’ असं मी स्वतः कुणाला सांगत नाही. ‘‘ज्यांचं काम आहे त्यांनी यंत्र नीट ठेवलेलं नाही’’ असं म्हणतो. वाक्य लांब होतं, पण कुणीतरी माणूस आहे एवढं तरी त्यात येतं.

आता धानाची गोष्ट. आमच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत खरेदी केंद्रांवर धान घेतात. एकराला 21 क्विंटलपर्यंत, आणि अलीकडे क्विंटलला 3100 रुपये पडतात. पोत्यात 40 किलो. ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला तर माल परत, सुकवून आणा. या 17 आकड्यापायी माझी खुर्ची डिसेंबरभर गरम असते. एक वयस्क शेतकरी आला. मीटरवर सतराच्या थोडं वर आलं होतं. त्यानं तिथेच आवारात धान पसरलं आणि रात्री त्याच्या शेजारी घोंगडी घेऊन पडला. डुकरं, गाई, थंडी. मला वाटलं तक्रार याची असेल. मी लिहिलं की मीटर तपासावं, पुन्हा मोजणी व्हावी. वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘मोर बात ल तो लिखेच नइ हस.’’ माझी गोष्ट तर तू लिहिलीच नाहीस.

त्याची गोष्ट अशी होती. मोजणाऱ्या पोरानं पोत्यातून मूठभर धान काढलं, मीटरमध्ये घातलं, आकडा बघितला आणि ती मूठ मातीत फेकून दिली. पोत्यात परत टाकली नाही. आकडाही यांच्याकडे न बघता बोलला. ‘‘गीला रिहिस, मानत हंव,’’ ओलं होतं, मान्य आहे. पण ‘‘भुइयाँ मा फेंक दिस.’’ हे तो तीनदा म्हणाला, दर वेळी मूठ उघडून दाखवत. ज्या घरात ताटात शीत राहिलं तर पोराला उठू देत नाहीत त्या घरातला तो माणूस. आता विषय काय लिहिणार, ‘मूठभर धान फेकल्याबाबत’? मी मजकूर तसाच ठेवला आणि ‘अतः’च्या खाली, सहीच्या वर, त्याच्याच शब्दांत एक ओळ घातली: तपासणीसाठी काढलेलं धान जमिनीवर न टाकता पोत्यात परत टाकावं. त्यानं ताबडतोब सही केली. धान दोन उन्हांत सुकलं आणि विकलंही गेलं. अर्ज त्यानं त्यानंतर नेऊन दिला.

त्या दिवसापासून शेवटची ओळ माणसाची. वर मी कार्यालयाला कळेल ते लिहितो, खाली त्याला जे लागलं ते. बाबू विषय वाचतो आणि शेवटच्या दोन ओळी वाचतो, हे त्यानंच तर मला सांगितलं होतं.

भाच्यानं मला मोबाइलवर एक फोटो पाठवला होता: ब्रिटिश म्युझियममधली तळहाताएवढी मातीची वीट. पावणेचार हजार वर्षांपूर्वीची, आजच्या इराकमधल्या उर गावची. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकानं इया-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला पाठवलेली तक्रार. तांबं हलकं दिलं, ही तक्रार आहेच. पण त्याचा भर दुसरीकडे आहे: माझ्या माणसाला तू रिकाम्या हातानं परत पाठवलंस, तेही शत्रूच्या मुलखातून, आणि मला काही किंमत दिली नाहीस. मी अर्थ वाचला आणि मला तो धानवाला आठवला. शिवाय ती वीट नन्नीनं स्वतः कोरली नसणार, बहुधा लेखनिकाकडूनच लिहवून घेतली असेल. म्हणजे धंदा जुना आहे. इया-नासिरचं नाव मात्र नन्नीनं बेधडक घातलं. तो त्याच्या गल्लीत राहत नसावा.

2025 च्या एप्रिलमध्ये राज्यात सरकारचा ‘सुशासन तिहार’, म्हणजे सुशासनाचा सण, झाला. 8 ते 11 एप्रिल गावोगावी अर्ज घेतले, समाधान पेट्या ठेवल्या, मे महिन्यात शिबिरं लागली. ते चार दिवस मी जेवायलाही उठलो नाही असं म्हटलं तर चालेल. अर्जात ठरवायचं होतं, मांग की शिकायत. इतकी वर्षं मी जे खुर्चीत ऐकत होतो ते त्या दोन चौकटींत समोर आलं. माणूस अर्धा तास शिकायत सांगे. कोणी रस्ता अडवला, कोणी हातपंपाला स्वतःची मोटर जोडली, कोण केव्हा काय बोललं. मग मी विचारी, काय लिहू? ‘‘मांग लिख दे.’’ अडवलेल्या रस्त्याची तक्रार नको, दुसरीकडून नव्या रस्त्याची मागणी करा. शेजाऱ्यानं नाली बुजवली म्हणू नका, नवीन नाली द्या म्हणा. राज्यभरात लाखांनी अर्ज आले, त्यातले बहुतेक मागण्यांचे होते, असं पुढे वाचलं. मला नवल वाटलं नाही. मागणीत कुणाचं नाव येत नाही. सरकारला गल्लीत एकाऐवजी दोन नाल्या बांधाव्या लागल्या तर लागू द्या, सोयरीक मोडायला नको. एक पोरगा मात्र लग्नाला मुलगी मिळावी अशी मागणी लिहवायला आला होता, मित्र बाहेर खिदळत उभे. मी टाइप करून दिली. शिक्षण आणि जमिनीच्या रकान्यात काय लिहू, म्हटल्यावर पळाला.

सगळं बोलून टाकलं की मन हलकं होतं, असं माझंही मत होतं. आता तितकंसं नाही. एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या. रिटायर्ड शिक्षिका. सून, वरच्या मजल्यावरून पडणारं पाणी, दूधवाला, पेन्शनच्या कागदातली चूक. अर्ज कधीच करत नसत. मी ऐकायचो, ‘बघा की’ म्हणायचो, आईसारखा. पण दर आठवड्याला तीच गोष्ट थोडी वाढून यायची. सुनेनं आधी कप आपटून ठेवला होता, महिनाभरात तो फेकला होता. जाताना त्या येतानापेक्षा जास्त तापलेल्या असत. ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 2002 चा एक प्रयोग आहे. 600 विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावर मुद्दाम जहरी शेरा देऊन चिडवलं. मग काहींना शेरा देणाऱ्याला मनात आणत पिशवीवर ठोसे मारायला लावले, काहींना व्यायाम म्हणून मारायला लावले, काहींना दोन मिनिटं नुसतं बसवलं. त्या माणसाला आठवून ज्यांनी ठोसे मारले तेच सगळ्यात जास्त चिडलेले राहिले. नुसते बसलेले सगळ्यात शांत. हे वाचलं आणि बाईंना मी ‘बघा की’ म्हणणं बंद केलं. त्या आल्या की एखादा तयार अर्ज समोर ठेवायचो, ‘‘मॅडम, जरा शुद्धलेखन बघता का?’’ चष्मा लावायच्या, लाल पेन काढायच्या. आता त्या माझ्याकडे आठवड्यातून तीनदा येतात आणि लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घावर चिडतात. सुनेचं नाव क्वचित निघतं.

माझी एक तक्रार आहे, सांगून टाकतो. लोक काम झाल्यावर सांगायला येत नाहीत. नाली साफ झाली, मीटर बदललं, नाव दुरुस्त झालं, तरी मला कळतं ते तिसऱ्याच माणसाकडून. काम न झालेला माणूस मात्र तोच कागद घेऊन परत येतो आणि असा धरतो की जणू कलेक्टर मीच.

मागच्या पावसाळ्यात कॉलेजच्या मुली आल्या, पाच जणी, भिजलेल्या. एक खाजगी बस विद्यार्थिनी दिसल्या की थांबत नाही. सवलतीचं तिकीट द्यावं लागतं म्हणून पुढे नेऊन उभी करते, मग चिखलातून पळायचं. मी सवयीनं मवाळ भाषा सुरू केली, ‘कभी-कभी बस नहीं रुकती’. एक म्हणाली, ‘‘कभी-कभी नहीं काका, रोज़.’’ मी खोडलं. विचारलं, कोणाविरुद्ध? तिनं मोबाइल काढला. बसचा नंबर, आठवडाभराच्या वेळा, ड्रायव्हरचं नाव, कंडक्टरचं नाव, चिखलातून पळतानाचा व्हिडिओ. मी म्हटलं, पोरींनो, कंडक्टर इथलाच आहे, नाव घालू का? त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, मी काही विचित्रच विचारलं अशा नजरेनं. ‘‘मेरे मामा लगते हैं,’’ त्यांतली एक म्हणाली, ‘‘लिखिए.’’ खाली पाचही जणींनी पूर्ण नाव, गाव, फोन नंबर लिहिला. शेवटची ओळ काय घालू, असं विचारलं तर म्हणाल्या, काही नको, एवढंच पुरे.

बस आता थांबते. कंडक्टर तोंड वाकडं करून तिकीट फाडतो, भाची खिडकीची जागा धरते, आणि परवा त्याच मुली रिसालीच्या चौकातल्या बंद दिव्यांचे फोटो घेऊन आल्या होत्या. महापालिकेचे की प्लांटचे, ते अजून शोधतो आहे.